कापड आपले, शिलाई बोटीची

मित्रांनो, मी एक जुने बूच आहे. खरे सांगायचे तर अर्धेच आहे. उरलेल्या अर्ध्याचे काय झाले ते पुढे येईलच. आज मी एका शिंप्याच्या टेबलावर, खडूच्या तुकड्याशेजारी पडून असते. माझ्या अंगात सुया आणि टाचण्या टोचलेल्या असतात. त्या दुखत नाहीत. दुखते ते दुसरेच.

माझा जन्म एका झाडाच्या सालीतून झाला. ते झाड तोडत नाहीत, नुसती साल सोलतात, आणि काही वर्षांनी ती पुन्हा भरून येते. आमची साल उकळली, वाळवली आणि यंत्राने त्यातून बुचे पाडली. मग मला चेपून वाइनच्या बाटलीच्या गळ्यात ठोसले. आत जाताच मी फुगले आणि घट्ट बसले. हवेला आत येऊ द्यायचे नाही आणि वाइनला बाहेर जाऊ द्यायचे नाही, एवढेच माझे काम. तुम्हाला ते सोपे वाटेल, पण असे श्वास रोखून कधी बसून बघा.

ही बाटली मास्तरांकडे आली ती बक्षीस म्हणून. मास्तर म्हणजे आमचे शिंपी. एका नवरदेवाचा कोट ऐन लग्नाच्या तोंडावर इस्त्रीने जळला, आणि मास्तरांनी जेवणखाण सोडून नवा शिवून दिला. नवरदेवाने खुशीने बाटली हातात ठेवली आणि बजावले, "मास्तर, आडवी ठेवा बरं का. बूच ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर आतला माल गेला म्हणून समजा."

घरात दोघेही पिणारे नव्हते. मास्तरांनी बाटली बायकोच्या हवाली केली. गल्लीतले लोक त्यांना मास्तरीणबाई म्हणत, कारण दुकानातली काजबटणे, उधारी आणि खुद्द मास्तर, सगळे त्यांच्या ताब्यात होते. त्यांनी उरलेल्या अस्तराची पिशवी शिवली आणि बाटलीला कपाटात आडवे निजवले. अधूनमधून पिशवी उघडून त्या माझ्यावर बोट फिरवत आणि म्हणत, "गळत नाहीये हो. गुणाचं आहे." मला शाबासकी देणारे आयुष्यात तेवढे एकच माणूस भेटले.

"एवढं जपून करणार काय आहेस तिचं?" मास्तर एकदा म्हणाले.

"समुद्रावर बोटीच्या सहलीला जाऊ तेव्हा उघडायची. चारी बाजूंनी पाणी, खिडकीजवळचं टेबल आणि एकच घोट. चव तरी कळू दे मेलीची."

पण लग्नसराई झाली की शाळांचे गणवेश, गणवेश झाले की लेकीची फी. बोट काही हाताला लागेना. शेवटी लेकीला नोकरी लागली आणि तिनेच आईबाबांची तिकिटे काढली. दर जोडप्याला आपली एक बाटली नेता येते असा बोटीचा नियम होता, म्हणून मीही निघाले.

पहिल्याच संध्याकाळी खिडकीजवळचे टेबल मिळाले. मास्तरीणबाई ठेवणीतले कपडे घालून आल्या होत्या. त्यांनी बाटली टेबलाच्या मधोमध ठेवली. वाढपी आला आणि अदबीने म्हणाला, "साहेब, आपली बाटली इथे उघडायची तर आकार पडतो. कॉर्केज म्हणतात त्याला."

"बाटली आमची, पिणार आम्ही. मग पैसे कशाचे?"

"बूच काढून द्यायचे, ग्लासांचे, वाढायचे."

मास्तर तापले. "माझ्याकडे गिऱ्हाइकं आपापलं कापड घेऊन येतात. तुमचं कापड कापायला वेगळे पैसे द्या, असं मी म्हणतो का कधी?"

मास्तरीणबाईंना हसू आवरेना. "अहो, मग शिलाई कशाची घेता? कापड गिऱ्हाइकाचं, शिलाई तुमची. तशी बाटली आपली, शिलाई बोटीची. द्या की!"

शेजारच्या टेबलावरचेही हसले आणि तिथेच सगळे बिनसले. बाईंचे म्हणणे मास्तरांना पटले होते, पण चारचौघांत पडती बाजू घेणे त्यांना जमले नाही. "तत्त्वाचा प्रश्न आहे," असे म्हणून त्यांनी बाटली पिशवीत घातली. मित्रांनो, कॉर्क म्हणजे मीच; सगळे भांडण माझ्या नावाने झाले आणि मला एक शब्द बोलता आला नाही.

दुसऱ्या दिवशी मास्तर म्हणाले, "खोलीत उघडू या ना."

"चोरून प्यायला आपण काय चोर आहोत?" बाई म्हणाल्या.

त्या रोज पिशवी घेऊन जेवायला येत, खुर्चीशी ठेवत, आणि पिशवी तशीच परत जाई. शेवटच्या संध्याकाळी त्यांनी ती उचललीच नाही.

"बाटली नाही घेतलीस?" मास्तरांनी दाराशी विचारले.

"राहू दे. घरी उघडू कधीतरी."

दार लागले. मला त्या 'कधीतरी'ची फार भीती वाटली.

पुढच्या थंडीत बाई आजारी पडल्या आणि त्या दुखण्यातून उठल्या नाहीत.

मास्तरांनी बाटली पिशवीतून काढली, पुसली आणि दुकानात बाईंच्या फोटोशेजारी मानाने उभी केली. उभी! खाली इस्त्रीचे टेबल, दिवसभर धग. येताजाता ते बाटलीवरची धूळ झटकत. इतके कुणी कुणाला जपले नसेल. पण वाइन खाली राहिली आणि मी वर कोरडे पडले. आधी आक्रसले, मग चिरले. तीन उन्हाळे असेच गेले.

मग एके दिवशी मास्तरांनी दुकानाला कुलूप लावले आणि त्याच बोटीवर एकटे आले. तेच खिडकीजवळचे टेबल. वाढपी नवा होता. "साहेब, बाटली उघडायची तर..." एवढे तो म्हणतो तोच मास्तरांनी पाकीट पुढे केले.

"घ्या, शिलाई घ्या तुमची. आणि दोन ग्लास आणा."

वाढप्याला काही उमगले नाही, पण त्याने ग्लास आणले. त्याने माझ्यात स्क्रू फिरवला. मी जीव एकवटून धरून राहिले, तरी मधोमध मोडले. अर्धे त्याच्या हातात आले, अर्ध्याचा वाइनमध्ये चुरा झाला. वास घेताच त्याचा चेहरा उतरला.

"साहेब, ही बिघडलीय. पिऊ नका. मी दुसरी आणतो."

"असू द्या. हीच ओता."

त्याने गाळून दोन ग्लास भरले. मास्तरांनी एक समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे सरकवला आणि आपला उचलून घोट घेतला. तोंड वाकडे झाले, डोळे भरून आले.

"आंबट आहे गं," ते खुर्चीला म्हणाले. "तुला नसती आवडली."

मग त्यांनी दोन्ही ग्लास संपवले.

मला खिशात घालून ते घरी आले आणि सुया टोचायला टेबलावर ठेवले. मित्रांनो, वस्तू जपा असे मी तुम्हाला सांगणार नाही. जपण्यात मास्तर कुठेच कमी पडले नाहीत. पण ज्याच्यासाठी काही राखून ठेवले आहे ते माणूस समोर बसले आहे, तोवर ते उघडा. वाद मागाहून घालता येतो.

कधीकधी माझ्यातली सुई उपसताना मास्तर फोटोकडे बघून पुटपुटतात, "तेव्हा तरी चवीला कशी होती कोण जाणे."

मला ठाऊक आहे. मी त्या वाइनला ओठ लावूनच तर बसले होते. त्या पहिल्या संध्याकाळी ती इतकी छान लागत होती की बाईंनी दुसरा घोट मागितला असता. पण हे मी मास्तरांना कधीच कळू देणार नाही. आतले आत धरून ठेवणे, एवढेच तर मला येते.