मुकादमाने नापास केलेली खुर्ची

"आता सांगतो ते तुम्हाला खोटं वाटणार, सिस्टर. आजवर कुणालाच खरं वाटलेलं नाही. पण तुमच्या बाबांची खुर्ची माझ्यामुळे अडकलेली नाही. मुकादमाने ती नापास केलीय."

सिस्टर दुकानाच्या दारात उभी होती. ड्यूटी संपवून थेट आली असावी, अंगाला अजून औषधांचा वास होता. खांद्यावरची पिशवी काही तिने खाली ठेवली नाही. म्हणजे गोष्ट ऐकायला नव्हे, खुर्ची न्यायलाच आली होती.

"मुकादम म्हणजे तुमचा तो पिवळा बोका ना?"

"बोका तुमच्यासाठी. आमच्या धंद्यात त्याच्या पायाला हात लावून लोक सोफा न्यायचे."

"अहो!" आतल्या खोलीतून बायको ओरडली. "पुन्हा सरसाच्या डब्याच्या झाकणात दूध ओतून ठेवलंत! आता चहात काय सरस घालू?"

मी ऐकलंच नाही. दुकान पुढे आणि घर मागे असलं की काय ऐकायचं आणि काय नाही, हे माणसाला शिकावंच लागतं.

खुर्च्या-सोफे नव्याने शिवणं हा माझा धंदा. स्प्रिंगा बांधायच्या, वर काथ्या दाबून भरायचा, कापड ताणून खिळे मारायचे. सगळ्यात शेवटी खालच्या बाजूचं कापड शिवायचं, की आतलं झाकलं जातं. माझी पद्धत अशी, की खालची एक बाजू उघडीच ठेवायची. मग मुकादम यायचा, बैठकीवर चढायचा, गोल फिरायचा आणि झोपायचा. उठून आळस दिला की माल पास, मी शेवटचा टाका घालायचा. फिरून फिरून खाली उतरला, तर समजायचं आत काहीतरी बोचतंय. उघड्या बाजूने हात घालायचा आणि शोधायचं.

"एका बड्या असामीचा सोफा होता," मी सिस्टरला स्टूल पुढे केलं. "मुकादम चढायलाच तयार नाही. पाठीचे केस उभे! उसवून बघतो तर आतून आधीच्या कारागिराची कवळी निघाली. वरची. बिचारा कित्येक वर्षं पेजेवर होता."

सिस्टर हसली नाही, पण बसली. "काका, बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणून आता बरेच दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, त्यांना बसवत जा. पलंगावर बसले की एका अंगावर कलतात. प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं तर म्हणतात, 'मी काय इथे नंबर लावायला आलोय?' त्यांना त्यांचीच खुर्ची हवी. तिचे हात त्यांच्या हातांना ठाऊक आहेत."

"अगदी बरोबर. म्हणूनच मी घाई करत नाही."

"आधी रोज विचारायचे, खुर्ची आली का. आता विचारायचं बंद केलंय." तिने पिशवीचा पट्टा घट्ट धरला. "ते मला जास्त लागतं."

मी उठलो. हल्ली मला बसवतच नाही. कात्री इकडून तिकडे ठेवली, कापडाचा तागा उलगडला, पुन्हा गुंडाळला. हातोडी उचलली आणि नेहमीसारखं आधी वाकून टेबलाखाली पाहिलं. तिथे मुकादम झोपलेला असायचा आणि पहिल्याच ठोक्याला माझा पाय ओरबाडायचा. आता खाली कुणी नसतं, तरी पाहिल्याशिवाय ठोका पडत नाही. सकाळी शटर उघडताना "सरक रे" असं तोंडातून निघतंच. दुपारी जेवायला आत गेलो तरी शटर वीतभर वर ठेवतो. परवा त्या फटीतून शेजारच्याची कोंबडी आत आली आणि नव्या रेक्झिनवर अंडं घालून गेली. बायको म्हणाली, "चला, दुकानातून काहीतरी वेळेवर मिळालं."

"मुकादम तर कुठे दिसत नाही. मग बाकीचा माल कसा देता?" सिस्टरने विचारलं. "आता पास कोण करतं?"

"मी स्वतः."

"म्हणजे?"

"म्हणजे गोल होऊन झोपतो."

"मानेत उसण भरली तेव्हा कोण चोळत बसलं ते सांगा!" बायको चहा घेऊन बाहेर आली. कप सिस्टरच्या हातात देत म्हणाली, "बाई, एका गिऱ्हाइकाने याच अवस्थेत पाहिलं यांना. दोन माणसांच्या सोफ्यावर, गुडघे हनुवटीला लावून. तो बिचारा माझ्याकडे येऊन हळूच विचारतो, 'वहिनी, घरात काही भांडण झालंय का?'"

आता मात्र सिस्टर हसली. हसता हसताच म्हणाली, "मग बाबांच्या खुर्चीवरही झोपा ना. करा पास."

बायकोचा चेहरा एकदम उतरला. ती माझ्याकडे न बघता आत निघून गेली.

"तिथेच तर घोळ आहे," मी म्हणालो. गोष्ट आता रंगवायलाच हवी होती. "त्या दिवशी काम संपवलं, मुकादमाला हाक मारली. आला, चढला, गोल फिरला. एकदा, दोनदा. मग माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याचा बाप विकलाय. आणि टुणकन खाली उतरला. शेपूट वर करून भर रस्त्यातून चालता झाला. चौकात वाहनं थांबली, बरं का! पोलिसाने हात दाखवला. मुकादमाने मागे वळूनही पाहिलं नाही. राजीनामाच म्हणा ना. कुठे गेला असेल? मोठ्या कारखान्यात लागला असेल, पगारी. पण येईल. राग उतरला की येईल, पुन्हा तपासेल आणि मग मी शेवटचा टाका घालीन. पद्धत म्हणजे पद्धत."

"तोवर बाबांनी काय करायचं?"

मी सुतळीचा गुंडा उचलला आणि उगाचच उलगडू लागलो. दुकानाच्या कोपऱ्यात, भिंतीला लागून, जुन्या चादरीखाली ती खुर्ची होती. मी त्या बाजूला पाठ केली. तीच चूक झाली, कारण स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि मी वळेपर्यंत सिस्टर चादरीपाशी पोचली होती.

"हात लावू नका! रंग ओला आहे!"

"मखमलीला रंग?" ती म्हणाली आणि तिने चादर हळूच उचलली. आजाऱ्याच्या अंगावरची उचलतात तशी.

गडद हिरवी मखमल. तिच्या बाबांनीच निवडलेली. मखमलीचं एक आहे, हात फिरवाल तशी तिची लव वळते आणि दाबून राहिलं की तशीच राहते. बैठकीच्या मधोमध एक गोल खळगा होता, परातीएवढा. त्यात पिवळे केस. एका बाजूला, जिथे डोकं टेकलं असेल, तिथे लव जरा जास्त दबलेली.

सिस्टर वाकून पाहत राहिली. बोटही लावलं नाही तिने. बाहेरून एक सायकल घंटी वाजवत गेली.

"काका, मांजर झोपेतून उठलं की आधी पंजे रोवून अंग ताणतं ना?"

"ताणतं. नखांची रेघ उमटते. म्हणजेच पास."

"इथे कुठेच रेघ नाही."

"सांगितलं ना, नापास करून गेला. झोपलाच नाही तो. नुसता फिरला आणि..."

"नुसता फिरला असता तर असा खळगा पडला नसता." ती माझ्याकडे वळली. आवाज तिने वाढवला नाही, रात्रपाळीला खाटेशेजारी बसून बोलत असेल तसाच होता. "मी रोज बिछाने आवरते, काका. उठून गेलेल्या माणसाची चादर कडेला ओढली जाते, विस्कटते. ही मखमल तशी विस्कटलेली नाही."

मी सुतळी खाली ठेवली. चौकातल्या पोलिसाचं पुढे काय झालं, ते माझ्या जिभेवर आलं होतं. त्याने सलाम ठोकला, असं सांगणार होतो. आतला भांड्यांचा आवाज थांबला.

"खोटं बोलताय तुम्ही," सिस्टर म्हणाली. "तो कुठेही गेला नाही. ज्या खुर्चीवरून तो उठलाच नाही, ती त्याने नापास कशी केली हो?"