शहामृग आणि मरियमबीचा डबा

बेल वाजली तेव्हा मी सोफ्यावर पडून होते आणि उठायचं नाही असं ठरवलं होतं. माझ्या दाराची बेल वाजवणारी माणसं या देशात दोनच. एक डिलिव्हरीवाला, आणि मी काही मागवलं नव्हतं. दुसरी समोरच्या फ्लॅटमधली कुलसुम, आणि तिच्याशी मी चार दिवस बोलत नव्हते.

तरी उठले. मेली सवय. दार उघडलं तर पॅसेजमध्ये कोणी नाही. समोरचं दार नुकतंच लागलेलं आणि माझ्या पायपुसण्यावर एक स्टीलचा डबा.

डबा आत आणून ओट्यावर ठेवला. हाताला गार लागत होता. झाकणावर नाव घातलेलं होतं, मरियमबी. ही कुलसुमची आई. चिपळूणच्या कुठल्याशा भांडीवाल्याने नाव घातलेलं, त्यातला 'म' जरा वाकडा आलेला. हा डबा मी कुलसुमच्या स्वयंपाकघरात वरच्या फळीवर पाहिला होता. त्यात ती वेलची ठेवायची. म्हटलं, बाकीची भांडी बांधून झाली असतील, हाच हाताला लागला असेल.

आत पिशवीत मांस होतं. गडद लाल, अर्धवट गोठलेलं, चरबीचा एक पांढरा ठिपकासुद्धा नाही. चिठ्ठी नाही, काही नाही. पण मी ओळखलं. शहामृग.

कुलसुमचा नवरा इथेच दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका कोल्ड स्टोरेजमध्ये होता. हॉटेलांना मांस पुरवायचं त्यांचं काम. त्यामुळे तिच्या फ्रीझरमध्ये नाही नाही ते असायचं. शहामृग मी पहिल्यांदा तिथेच पाहिलं आणि म्हटलं, अगं, एवढ्या मोठ्या पक्ष्याची तंगडी ताटात मावणार कशी? ती एवढी हसली की तिला खाली बसावं लागलं. तेव्हापासून आमचं ठरलेलं, एकदा दोघी मिळून शहामृग खायचं. दिवाळीला खाऊ, ईदला खाऊ, तुझ्या वाढदिवसाला खाऊ. वर्षं गेली आणि शहामृग राहिलंच.

आता आज रात्री तिचं विमान होतं. कायमचं. आठला कंपनीची व्हॅन येणार होती आणि बाईसाहेबांनी फ्रीझर रिकामा करून माझ्या दारात ठेवला होता.

मला राग कशाचा आला होता ते सांगते. ती निघाली याचा नाही. इथे कोणी कायमचं राहायला येत नाही, ते मलाही कळतं. नोकरी गेली, व्हिसा गेला, खलास. पण तिला महिनाभर आधी माहीत होतं. महिनाभर ती माझ्या ओट्याशी उभी राहून चहा पीत होती, माझ्या मॅनेजरला नावं ठेवत होती, आणि मला कळलं ते खालच्या वॉचमनकडून. रामेश्वर म्हणाला, "मॅडम, आपके सामनेवाला फ्लॅट खाली हो रहा है, आपकी पहचान में कोई फॅमिली है क्या?" मी लिफ्टमध्ये चढले आणि चुकून सहाव्याऐवजी नवव्या मजल्यावर जाऊन उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी तिने बेल वाजवली. मी दार उघडलं नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. मला काय, राहता येतं एकटीला. लग्न मोडलं तेव्हा नाही का राहिले? त्या लग्नाची हकीकत सांगण्यासारखी नाही, दोघांनाही एकमेकांचा कंटाळा आला होता, बस. कराडला आई होती तोवर फोन यायचा. आता तोही येत नाही. ऑफिसात डिस्पॅचची माणसं दिवसभर माझ्याशी बोलतात, पण ती ट्रकबद्दल.

तर डबा. आईने मला संसाराचं एवढंच शिकवलं होतं की कोणाचा डबा रिकामा परत करायचा नाही. काही नसलं तर चमचाभर साखर घाल, पण रिकामा नको. कुलसुमकडेही तेच. त्यामुळे आमच्यात कायम एक डबा बाकी असायचा. तिची बिर्याणी आली की माझी पुरणपोळी जायची, माझ्या पोळीच्या डब्यातून तिची खिमट भाकरी, म्हणजे खिमा आणि वर भाकरी, हे नाव मीच ठेवलेलं. कोणाचा हिशोब कधी पुरा झालाच नाही, आणि म्हणून बेल वाजत राहिली.

मी साखरेची बरणी काढली. मांस माझ्या फ्रीझरमध्ये टाकायचं, डबा धुवायचा, चमचाभर साखर घालायची आणि पिशवीत घालून तिच्या दाराच्या कडीला अडकवून यायचं. बेलही वाजवायची नाही. तिने तरी कुठे थांबून पाहिलं?

चमचा हातात धरून मी तशीच उभी राहिले. पॅसेजमधून खोक्याला चिकटपट्टी लावल्याचा आवाज येत होता, एकदा, पुन्हा एकदा. मग बरणी जागेवर ठेवून दिली.

घरात होतं काय? चार दिवस रुसून बसलेल्या बाईच्या घरात काय असणार. लसूण, तीन टोमॅटो, एक हिरवी मिरची, लोणी, आणि पास्ता. पास्ता माझ्याकडे कायम असतो. एकटीसाठी कणीक कोण मळणार? पाणी उकळायचं, नळ्या टाकायच्या, दहा मिनिटांत जेवण, भांडं एकच. कुलसुमला त्याचा भारी तिटकारा. "गिरिजाताई, हे जेवण नाही, ही शिक्षा आहे," म्हणायची. तिच्या डब्यात मी पास्ता कधी घातला नव्हता. पण आज दुसरं काही करायला वेळ नव्हता. साडेसहा होऊन गेले होते.

एका शेगडीवर पाणी ठेवलं, मीठ टाकलं. मांस सोडवलं आणि सवयीने कुकर खाली काढला. म्हटलं, लसूण, हळद, चार शिट्ट्या. आमच्याकडे लाल मांस म्हटलं की हात आपोआप कुकरकडे जातो. झाकण लावायला घेतलं आणि कुलसुमचं बोलणं आठवलं. तिच्या नवऱ्याला हॉटेलच्या शेफने सांगितलेलं. "याला अंगची चरबी नाही. तव्याला दाखवायचं आणि उतरवायचं. कुकरला लावलंस तर चप्पल होईल, मग घालून ऑफिसला जा."

कुकर परत आत गेला.

मांस अजून थोडं कडक होतं, ते बरंच झालं. सुरी सरळ फिरली, पातळ पातळ काप पडले. कागदाने टिपून कोरडे केले, मीठ लावलं, मिरी कुटून लावली. बिडाचा तवा धूर येईपर्यंत तापवला. तेल, वर लोण्याचा तुकडा. काप सोडले तर असा आवाज आला की शेजारी ऐकू जावा. जाऊ दे ऐकू. एक बाजू झाली, उलटले, दुसरी जेमतेम झाली आणि सगळे ताटलीत काढले. मधून अजून गुलाबी होते. कच्चं राहिलं तर? आयुष्यात मटण मी कधी एवढ्या लवकर उतरवलं नव्हतं.

त्याच तव्यावर लसूण, मिरची, टोमॅटो. ते शिजून मऊ झाल्यावर पास्त्याचं पाणी डावभर, मग पास्ता, आणि गॅस बंद करून अगदी शेवटी ते काप. एक तुकडा तोंडात टाकला.

अगं बाई. मऊ. पक्षी म्हणून कोणी सांगितलं तर खोटं वाटेल, मटणाच्या उत्तम तुकड्यासारखा, किंचित काळजासारखी चव. मी मान वळवली आणि "घे, बघ," म्हणायला तोंड उघडलं. ओट्याशी कोणी नव्हतं. तेव्हा पहिल्यांदा मला रडू आलं, आणि मी ते कांद्याच्या नावावरही खपवू शकत नव्हते, कारण कांदा घातलाच नव्हता.

मरियमबीचा डबा धुतला, पुसला, त्यात पास्ता भरला. वर चांगले चांगले काप निवडून ठेवले. झाकण लावलं. सव्वासात. आता फक्त पॅसेज ओलांडायचा होता.

दाराशी गेले आणि पाय थांबले. हा डबा दिला की झालं. तिचं माझ्याकडे काही नाही, माझं तिच्याकडे काही नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा हिशोब पुरा. मला तो पुरा करायचा नव्हता.

परत आले. मरियमबीचा डबा माझ्या डब्यात रिकामा केला. माझा डबा साधा, कराडच्या बाजारातला, त्याच्यावर आईने माझं नाव घालून घेतलेलं. तो घेतला आणि बेल वाजवली.

कुलसुमने लगेच दार उघडलं, दाराला टेकूनच उभी असावी. घरात काही उरलं नव्हतं. भिंतीवर घड्याळाच्या जागी पांढरा गोल. नवरा सामान घेऊन खाली गेला होता. ती एका खोक्यावर बसली, मी दुसऱ्या.

"महिनाभर," मी म्हटलं. "महिनाभर तुझ्या तोंडातून शब्द फुटला नाही."

"सांगितलं असतं तर काय केलं असतंस?"

"काय म्हणजे?"

"रडली असतीस. मी पण. रोज. चहाला यायचे ते रडायला आले असते." तिने ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "मला महिनाभर नेहमीसारखा चहा प्यायचा होता, गिरिजाताई. तेवढाच उरला होता."

तो महिना तिने जपून ठेवला आणि शेवटचे चार दिवस मी दार लावून घालवले. तेच मी तिला सांगितलं. ती म्हणाली, "हो, घालवलेस खरे. मूर्ख आहेस."

मग तिने डबा उघडला, आणि नळ्या बघून तोंड वाकडं केलं. "जाता जाता ही शिक्षा."

"खा मुकाट्याने."

चमचे सगळे बांधलेले होते. तिने बोटांनी एक काप उचलला आणि खाल्ला. मग दुसरा उचलून माझ्या तोंडात घातला.

"कुकर काढला होतास ना?" तिने विचारलं.

"काढला होता. लावला नाही."

ती हसली, पण पहिल्यासारखी नाही. खालून हॉर्न वाजला. फोनवर नवऱ्याचा आवाज आला, यल्ला, यल्ला, चल लवकर. तिने झाकण लावलं, डबा पिशवीत ठेवला, विमानतळावर त्यांच्याबरोबर खाईन म्हणाली. मग पिशवीतून पुन्हा बाहेर काढून झाकणावर बोट फिरवलं.

"हा तुझा आहे."

"हो. तुझा माझ्याकडे राहिला," मी म्हटलं. मग जरा खजीलही झाले, तिच्या आईची वस्तू होती ती. "हवा असेल तर आणते. दोन मिनिटं. अम्मीचा आहे."

"अम्मीचा आहे म्हणूनच," कुलसुम म्हणाली. "तुला काय वाटलं, सगळी भांडी बांधली आणि तोच चुकून वर राहिला? तो मी कधी दाराबाहेर काढला नव्हता. म्हटलं, ही रिकामा परत देणार नाही, आणि भरून द्यायला हिला दार उघडावंच लागेल. दिला नाहीस तर फारच छान. माझा डबा इथे असला म्हणजे मी अजून थोडी इथे आहे."

तिने मला मिठी मारली. तिच्या केसांना खोक्यांचा वास येत होता. लिफ्ट आली, तिचं दार बंद झालं, आणि मी पॅसेजच्या कठड्यापाशी जाऊन व्हॅन वळेपर्यंत उभी राहिले.

घरी आले. उरलेला पास्ता तव्यावरच होता. बिडाचा तवा, गॅस बंद केला तरी तासभर तापलेला राहतो. ताटात घेतला आणि एक काप चावला. चावला, चावला, चावतच राहिले. चप्पल झाली होती अगदी.

मला हसू फुटलं. मी मरियमबीचा डबा उचलला आणि हे कुलसुमला सांगायला म्हणून दार उघडून समोरच्या बेलपर्यंत गेलेसुद्धा.