सोमवारचं खाद्य

बारा नळ्या. सहा डावीकडे, सहा उजवीकडे, आणि टोकाला तेरावी, कोरी, जिच्यात कुठल्याच उंदराचं काही नाही. प्रत्येक नळीत एकेका पांढऱ्या उंदराच्या वाटलेल्या प्लीहेचा थेंब. डावीकडचे उंदीर आठ आठवडे नारळाच्या तेलातल्या खाद्यावर वाढलेले, उजवीकडचे तारली माशाच्या. रोगाशी झुंजणाऱ्या या अवयवातली प्रथिनं तेलागणिक बदलतात का, अपूर्वाच्या दोन वर्षांचा प्रश्न एवढाच. दोन्ही बाजूंत ठळक फरक आला तर प्रबंध उभा, पुण्याच्या संस्थेतली जागा पक्की. निळा रंग चढायला अर्धा तास. जितकी प्रथिनं, तितका गडद.

ती नळ्यांकडे पाठ करून बसली.

उजवीकडच्या नळ्या तारलीच्या... सकाळपर्यंत असं म्हणता येत होतं. सकाळी मालन, प्राणिगृहाचं काम बघणारी, रिकामे पिंजरे घासता घासता सहज म्हणाली, "सोमवारी मात्र सगल्यांना नारलाचाच दिला हां, बाय."

"कुठल्या सोमवारी?"

"श्रावनातल्या. गनपतीचा वाहन ना ता? त्याला सोमवारी मासली कशी घालायची?" आणि अपूर्वाचा चेहरा बघून, "सरांनी इचारला तर सांगा, उंदरांनी उपास केला."

तिला रागावता आलं नाही. श्रावणी सोमवारी कॉलेज अर्धा दिवस, आणि दुपारीच मालगुंडची एसटी धरून घरी जाणारी, संध्याकाळचं खाद्य मालनवर सोपवणारी — मीच की. प्रयोगासाठी तारलीचं तेल काढायचे दिवस... आई पडवीतच अडवायची, "नुसते हात नकोत, आख्खी न्हाऊन ये." सोमवारी त्या तेलाला न शिवता पाटावर बसताना किती हलकं वाटायचं, आणि का, असं आपण स्वतःला एकदाही विचारलं नाही. तेच हलकेपण मालनने उंदरांना दिलं. आठ आठवड्यांतले चार दिवस. फार नाहीत. पण फार नाहीत हे कोण ठरवणार —

बेहेरे सरांनी, तिच्या मार्गदर्शकांनी, ते लगेच ठरवून टाकलं होतं. चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "प्रबंधात श्रावण लिहिणार आहेस? परीक्षक आरती म्हणायला लावतील. आधी आकडे बघ. वाईट आले तर मालनचं सांगू, वर्षभराने पुन्हा प्रयोग करू. चांगले आले तर गप्प बसायचं."

"आणि पुण्याची जागा, सर?"

"म्हणूनच सांगतोय, बाई."

आधी आकडे बघ. वाक्य साधं होतं, पण घशाखाली उतरेना. आकडे चांगले आले की चार सोमवार आपोआप लहान होतील, वाईट आले की डोंगराएवढे. सोमवार तेवढेच राहतील, मोजणारी मी बदलेन... पाठीमागे आत्ता रंग चढत असेल. मान जरा वळवली तरी कळेल कुठली बाजू गडद. जागा गेली तर आई म्हणेल बरं झालं, इथल्याच शाळेत शिकव. तेही वाईट नाही. पण ते मला नकोय, आणि नकोय म्हणूनच आत्ता वळायचं नाही.

तिने कच्च्या प्रबंधाचं 'साहित्य आणि पद्धती'चं पान काढलं आणि लिहिलं, की श्रावणातल्या चारही सोमवारी तारली-गटाला चुकून नारळतेलाचं खाद्य दिलं गेलं. मग 'चुकून' खोडलं. मालनने चुकून काहीच केलं नव्हतं. पान सरांच्या टेबलावर, त्यांच्या डोळ्यांसमोर ठेवलं. सरांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर ओढला. तिने उत्तराची वाट पाहिली नाही.

परत येताना मान मोकळी वाटत होती. भीती होतीच, पण ती आता सोबत चालत होती, वाट अडवत नव्हती. ती नळ्यांकडे वळली, कोरी नळी रंगाची गडदता मोजणाऱ्या यंत्रात घालून काटा शून्यावर आणला, आणि मग एकेक नळी, घाई न करता.

प्लीहेच्या दर ग्रॅममागे प्रथिनं, सरासरी: नारळ-गट ११२ मिलिग्रॅम, अधिक-उणे ४. तारली-गट १३१ मिलिग्रॅम, अधिक-उणे ५. फरक ठळक होता, आणि चार सोमवार पानावर तेवढेच होते.