ओझं टेकवायचा दगड

मित्रांनो, मी एक जुना दगड आहे. मूर्ती नाही की शिलालेख नाही, नुसता खांद्याइतका उंच, सपाट माथ्याचा काळा दगड. मुरबाडच्या पुढे नाणेघाटाच्या चढणीवर कुणा पाथरवटाने मला उभं केलं. वाटसरूंना डोक्यावरचं ओझं टेकवता यावं, एवढंच माझं काम.

ती वाट राजधानीची होती. सोपारा-कल्याणच्या बंदरांतला माल याच वाटेने सातवाहनांच्या प्रतिष्ठान नगरीला, म्हणजे आजच्या पैठणला, जायचा. दमलेली माणसं माझ्यापाशी घाम पुसत त्या नगरीच्या गोष्टी सांगत. गोदावरीचे घाट, विणकरांच्या आळ्या, मणी घडवणारे कारागीर! "बरा आहे हो हा दगड," म्हणत ती पुढे निघून जात. मी मात्र जागच्या जागी. एकदा तरी राजधानी बघावी, असं मला फार वाटे.

पुढे राज्य गेलं, बैलांचे तांडे थांबले, मोटारींचा रस्ता माळशेज घाटातून गेला. आता पावसाळ्यात हौशी मंडळी येत आणि माझ्या डोक्यावर रिकाम्या बाटल्या ठेवून जात. माझं म्हणावं असं एकच माणूस उरलं, पायथ्याच्या वाडीतली लहानी नावाची बाई. घरात ती एकटीच. रानातून उतरताना ती लाकडाचा भारा माझ्यावर टेकवी, दम खाई आणि पुन्हा डोक्यावर घेई.

गेल्या वर्षी पैठणचे एक गृहस्थ आले. स्वतःच्या वाड्यात ते जुन्या वस्तूंचं संग्रहालय मांडत होते. त्यांच्या गड्यांनी पहारी घालून मला आडवा केला, तोच लहानी भारा घेऊन आली.

"याला कुठं नेता, दादा?"

"राजधानीत, मावशी. इथे पावसात झिजतोय. तिथे नीट जपू."

"मंग मी भारा कुठं टेकवू? भुईवरनं एकटीला उचलाय होत नाय."

"आता घरोघरी गॅस आलाय की!" गृहस्थ हसले. मला खाली नेईपर्यंत लहानी भारा डोक्यावर घेऊन तशीच उभी होती.

टेम्पोतून मला गोदावरी दिसली, नागघाट दिसला, तीर्थखांब दिसला. सगळं खरंच सुंदर आहे. आता माझ्याभोवती साखळी आहे आणि 'हात लावू नये' अशी पाटी आहे. मला रोज फडक्याने पुसतात. तरी इतकं एकटं मला घाटातही कधी वाटलं नव्हतं.

मित्रांनो, जुन्या वस्तू जरूर जपा. पण उचलण्याआधी तिथल्या माणसांना विचारा, ती वस्तू अजून कुणाच्या कामाची आहे का. लहानी आजही त्या वाटेने उतरत असेल. भारा खाली ठेवला, तर तो परत डोक्यावर चढवून द्यायला तिथे कुणी नाही. म्हणून ती न थांबता घरापर्यंत चालत असेल.