हवा सुटतेय कुठून

"काका, गाडी परत बसली. ऐन चढावर. मागे ट्रक होता."

नर्सबाईंनी किल्ली बाकावर ठेवली. ठेवली कसली, आपटलीच. त्या घरोघरी जाऊन पेशंट बघायच्या. टेकडीवरच्या वस्तीत त्यांचे सहा पेशंट होते आणि दुसऱ्या गिअरमध्येही गाडी दम टाकत होती. मेकॅनिकने आठवड्यापूर्वीच तिचा टर्बो बदलून दिला होता.

"टर्बो नवाकोरा आहे, बाई."

"मग मी काय खोटं सांगतेय?"

मेकॅनिकला सगळे कानसेन म्हणत. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून तो गाडीचं दुखणं सांगायचा; पस्तीस वर्षं सांगत आला होता. पण गेले काही महिने त्याचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. एकेक काम तीन-तीनदा तपासायचा आणि तरी घरी जाताना पाय अडखळायचा.

त्याने स्कॅनर लावला. दाब कमी, एवढंच यंत्र म्हणालं. का कमी, ते शोधणं त्याच्याकडे. टर्बो हवा दाबून इंजिनात कोंबतो. ती वाटेत निसटली की इंजिनाची ताकद गेली. त्याने पाइपांच्या पट्ट्या चाचपल्या. बारीक नळ्या ओढून पाहिल्या. सेन्सर काढून पुसला. पाना आणायला उठला, अर्ध्यात गेल्यावर कळलं, पाना हातातच आहे.

"होईल ना दुपारपर्यंत?" बाईंनी तिसऱ्यांदा विचारलं.

"बघतोय ना!" तो खेकसला आणि लगेच ओशाळला.

शेवटी त्याने हवा आत जायचं तोंड बूच लावून बंद केलं, कॉम्प्रेसरची नळी जोडून बेताचा दाब भरला, कॉम्प्रेसर थांबवला आणि वाकून कान दिला. काही नाही. गेल्या आठवड्यातही काही नव्हतं. दाबाचा काटा उतरत होता खरा, पण थोडी हवा इंजिनातून जातेच. तेव्हाही त्याने मनाची हीच समजूत घातली होती आणि खापर टर्बोवर फोडलं होतं.

"अहो! चार वेळा फोन केला. खिशात वाजतोय तरी उचलत नाही!" दारात बायको उभी होती. "दार ओढलं गेलं, माझी किल्ली आत राहिली. तुमची द्या."

"वाजला नाही फोन."

"नाही कसा? आता दारातून मला ऐकू आला." मग ती थबकली. "आणि ही हवा कसली सुटतेय?"

"कुठे?"

"कुठे काय? एवढी फुसफुसतेय की."

त्याने नर्सबाईंकडे पाहिलं. "मलाही येतोय आवाज," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, तो असाच असतो."

त्याने पुन्हा दाब भरून कॉम्प्रेसर थांबवला. "दाखव," तो बायकोला म्हणाला.

तिने पर्स खाली ठेवली, पदर खोचला आणि वाकून खालच्या जाड रबरी पाइपाकडे बोट केलं. त्याने पाइपाखाली हात नेला. बोटांना गार झुळूक लागली. साबणाचं पाणी सोडल्यावर फेस फुगू लागला. पाइपाला खालच्या अंगाने नखाएवढी चीर होती. दाब आला की उघडायची, गेला की मिटायची.

तो हात पुसत उभा राहिला.

"बाई, तुमचा जुना टर्बो चांगला होता. चूक माझी झाली. भुर्दंडही माझाच."

"मग काढलात कशाला?"

"हा आवाज मला आला नाही. तेव्हाही नाही, आत्ताही नाही."

बायको त्याच्याकडे बघतच राहिली. नर्सबाईंचा चेहरा लाल झाला होता. "काका, त्या ट्रकला ब्रेक लागला नसता तर?"

त्याने मान खाली घातली.

मग बाईंनीच विचारलं, "पक्ष्यांचे आवाज येतात?"

तो विचारात पडला. "यंदा पक्षीच कमी आहेत, असं वाटत होतं."

"बारीक आवाज आधी जातात. कान तपासून घ्या. उद्याच."

त्याने नवा पाइप बसवला, पट्ट्या आवळल्या, पुन्हा दाब भरला. या वेळी त्याने कान लावला नाही. बायकोला म्हणाला, "तू ऐक." तिने दोनदा ऐकलं आणि नकारार्थी मान हलवली.

"चढावर फिरवून आणू. तूही चल."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"टर्बो फिरायला लागला की शिट्टी येते. बारीक असते, हळूहळू चढत जाते. तेवढं सांग."

नर्सबाई मागे बसल्या. चढ लागला तसा त्याने पाय दाबला. त्याला इंजिनाची घरघर तेवढी येत होती. बायकोने डोळे मिटले होते. तिने मांडीवरचं बोट उचललं आणि ते हळूहळू वर वर जाऊ लागलं. त्या बोटाकडे बघत त्याने गिअर बदलला.