विरुद्ध बाजूचा कागद

खासदार झाल्यापासून वकीलसाहेबांची खुर्ची उंच झाली होती आणि लाज तेवढीच कमी, असं त्यांच्या कारकुनाचं स्पष्ट मत होतं. एकवीस वर्षं त्यानं या माणसाच्या फायली वाहिल्या, गिचमिड अक्षर लावून टाईप केलं. आज तो पहिल्यांदाच न विचारता त्यांच्यासमोर बसला.

साहेबांची एक पद्धत होती. प्रकरण घेतलं की आधी ते स्वतःच विरुद्ध बाजूचे वकील व्हायचे आणि आपल्याच प्रकरणातली भोकं एका कागदावर लिहून काढायचे. मग एकेक बुजवायचे. नदीकाठच्या चाळीस घरांचा खटला त्यांनी असाच लढवला. गोदामवाल्या कंपनीला ती जागा हवी होती. घरं वाचली, साहेबांच्या नावाचा डंका वाजला आणि त्याच जोरावर ते संसदेत पोचले. त्या चाळीसातलं एक घर कारकुनाच्या विधवा ताईचं. निवडणुकीत ती साहेबांसाठी दारोदार चपला झिजवत फिरली होती.

गेल्या आठवड्यात जागा ताब्यात घेण्याच्या नव्या कायद्याचा मसुदा छापून आला. मांडणारे साहेबच. तो वाचताना कारकुनाचं डोकं सणकलं. सात कलमं, आणि त्या जुन्या कागदावरची सात भोकं. क्रमसुद्धा तोच. पाचवं कलम म्हणत होतं, नवऱ्याच्या माघारी बायकोच्या नावावर न चढलेलं घर रिकामं धरावं. ते तर ताईचंच घर होतं.

"उद्या मतदान आहे. मसुदा मागे घ्या," कारकून म्हणाला.

"कायदा देशासाठी असतो रे. तुझ्या ताईचं मी बघतो काहीतरी."

कारकुनानं त्या सात भोकांच्या कागदाची प्रत पुढे सरकवली. साहेबांनी चष्मा लावून ती वाचली. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

"फाईल फोडलीस? वकील आणि अशील यांच्यातला कागद आहे हा. बाहेर गेला तर तुला आत बसवीन. एकवीस वर्षं माझं मीठ खाल्लंस, विसरू नकोस."

या धमकीची कारकुनाला भीती वाटली नाही, किळस आली. असल्या माणसासाठी आपण डोळे फोडले याचा संताप आला.

"पगार घेतला, राबून. आणि गुपित अशिलाचं असतं, वकिलाचं नाही. प्रत्येक नव्या ज्युनियरला पहिल्या दिवशी तुम्ही हेच ऐकवायचात. मला पाठ झालंय."

"मग?"

"मग अशिलानं परवानगी दिली. ताईची सही पहिली, खाली एकोणचाळीस. संसदेत तुमच्या समोरच्या बाकांवरच्या प्रत्येक सदस्याला सकाळीच प्रत पोचली. ही तुमची. मूळ कागद ताईकडे आहे."

सवयीनं साहेबांनी कोरा कागद ओढला, वर 'विरुद्ध बाजू' असं लिहिलं आणि खाली एक आकडा घातला. त्यापुढे पेन हलेना.

"टाईप करायला थांबू का?" कारकुनानं विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता तो उठला.