केस आले की केस आली?

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी फणी आहे. माझे काही दात तुटले आहेत म्हणून हसू नका. ते कसे तुटले हे आठवलं की मलाच हसू येतं.

माझं लाकूड अळणावरच्या रानातलं. एका सुताराने मला घासून गुळगुळीत केलं आणि हुबळीच्या बाजारातून मी नवनगरात, राघवेंद्र वकिलांच्या घरी आले. त्यांच्या लेकीचे, वेदश्रीचे, केस चांगले कमरेपर्यंत. तिची आई इंदुमती रोज तेल लावून वेणी घालायची. शेजारणी वेणीचं कौतुक करायच्या आणि फुशारून मी जायची.

सत्त्याण्णव साली वेदश्रीला रक्ताचा कर्करोग झाला. औषधं सुरू होताच माझ्या दातांत केसांचे पुंजके येऊ लागले. इंदुमतीने मला खणात टाकलं. अंधारात मी फार रडले.

दवाखान्यात तिला सगळे 'ल्युकेमियाची केस' म्हणत, हे मी खणातूनच ऐकलं. मोठे उपचार संपून ती घरी आली. उकळलेलं पाणी, ताजं शिजवलेलं अन्न, आणि मैत्रिणींशी गप्पा खिडकीतून. अंग जरा कोमट लागलं तरी तिच्या अप्पांना, म्हणजे वकिलांना, घास जात नसे. दुखणं परत आलं तर? घरात सगळ्यांच्या मनात तेच होतं, पण बोलत कुणी नव्हतं.

एका दुपारी लेकीच्या डोक्यावरून फिरणारा इंदुमतीचा हात थबकला. तिने लगेच कचेरीत फोन लावला. अप्पा कोर्टात होते. फोन घेतला गुरुराज कारकुनाने. तो घरी कन्नड बोलणारा, आणि दिवसभर खटल्यांच्या कागदांत बुडालेला. केस परत आले म्हणून सांगा, असं ती रडत रडत म्हणाली. त्याने अप्पांना निरोप दिला, "सर, अक्कांचा फोन होता. केस परत आली म्हणून रडत होत्या."

अप्पा काळ्या कोटात, बुटांसकट घरात शिरले. चेहरा पांढराफटक. "ताप किती आहे तिला?" एवढंच कसंबसं विचारलं.

ताप कुठला? इंदुमती तर मला खणातून काढून वेदश्रीच्या डोक्यावर टेकवत होती. इतके कोवळे केस, माझ्या दातांत ठरतही नव्हते. निरोपाचा घोळ उलगडला तशी वेदश्री म्हणाली, "अप्पा, केस आले. केस आली नव्हे की."

अप्पा तिथेच जमिनीवर बसले. आधी रडले, मग पोट धरून हसले. बूट काढायचं भान त्यांना चहाच्या वेळी आलं.

मित्रांनो, कुणाचा निरोप पोचवाल तेव्हा शब्द नीट ऐकून घ्या. डोक्याला रुमाल बांधून कुणी वर्गात आलं तर रुमाल ओढू नका, शेजारी जागा द्या. आणि मोडकी म्हणून मला फेकू नका. माझे दात वेदश्रीच्या पुन्हा दाट झालेल्या केसांत अडकून तुटले आहेत. अशी तक्रार करायला मिळावी म्हणून तर मी खणात वाट पाहत होते.